“हिची बाळं जगत नाहीत” : दोष आईचा नाही, तपासणी जनुकाची हवी

वस्त्यांमध्ये आणि गावांत काम करताना एक वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे : “हिची बाळं जगत नाहीत.” बोलणारी कधी सासू असते, कधी शेजारीण, कधी नवरा. बोट मात्र दरवेळी एकाच व्यक्तीकडे असते, बाळाच्या आईकडे.

मराठवाड्यातल्या एका गावात अशीच एक ताई आम्हाला भेटली. पहिला मुलगा सातव्या महिन्यात गेला. कागदावर कारण लिहिले होते, निमोनिया. दुसरा मुलगा पाच महिन्यांचा होता आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात होता. तोंडात पांढरी बुरशी, न थांबणारे जुलाब, पुन्हा पुन्हा निमोनिया. दंडावर बीसीजीची लस टोचली होती तिथे जखम वाहत होती आणि काखेत गाठ आली होती. घरात पायगुणाची भाषा सुरू झाली होती. एका नातेवाइकाने देवऋषीचा पत्ताही आणून दिला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातली ही गोष्ट आहे, म्हणून जास्त खुपली.

बोलता बोलता ती सहज म्हणाली, “माझ्या आईचेही दोन मुलगे असेच तान्हेपणी गेले.” आजाराची किल्ली या एका वाक्यात होती. तोवर तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

हा नेमका कोणता आजार आहे, त्याचे निदान कसे होते आणि आपण कार्यकर्ते म्हणून काय करू शकतो, हे या लेखात समजून घेऊ.

प्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी असते म्हणजे काय?

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रत्येकाच्या शरीरात असतात. त्यांतल्या टी पेशी लढाईचे नियोजन करतात, बी पेशी प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडीज तयार करतात आणि काही पेशी जंतूंना गिळून मारतात. या पेशी कशा घडवायच्या याची माहिती जनुकांत असते. एखाद्या जनुकात चूक असेल तर त्या साखळीतली एखादी कडी तयारच होत नाही. या आजारांना प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी म्हणतात. आज असे ४५० हून अधिक जनुकीय आजार ज्ञात आहेत.

१९५२ साली अमेरिकेतील डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांना वारंवार आजारी पडणाऱ्या एका मुलाच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिनच नसल्याचे आढळले. त्यामागचे बीटीके हे जनुक सापडायला १९९३ साल उजाडले. मधली चार दशके आजाराला नाव होते, पण मुळाचा पत्ता नव्हता. आज आजारी बाळाच्या थोड्याशा रक्तातून तो पत्ता शोधता येतो.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. वारंवार आजारी पडणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार नसतो. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे सामान्य आहे. आपल्या वस्त्यांत कुपोषण, दाटीवाटी, चुलीचा धूर आणि अस्वच्छ पाणी ही आजारपणाची कितीतरी मोठी कारणे आहेत. एचआयव्हीमुळेही प्रतिकारशक्ती कमी होते. ही कारणे तपासून झाल्यावरही उत्तर मिळत नसेल, तेव्हा जन्मजात दोषाचा विचार करावा लागतो.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबून विचार करायचा?

- एका वर्षात दोन किंवा अधिक वेळा निमोनिया
- दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणे
- बाळाचे वजन न वाढणे, जुलाब न थांबणे
- एक वर्षानंतरही तोंडातली बुरशी न जाणे
- त्वचेवर, यकृतात किंवा इतर अवयवांत वारंवार पू होणे
- बीसीजीच्या जागी न भरणारी जखम, काखेत मोठी गाठ
- घरात, विशेषतः आईच्या माहेरी, तान्ही बाळे दगावल्याचा इतिहास

शेवटची खूण कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. ती विचारावी लागते, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. आशाताई, अंगणवाडीताई किंवा आपल्यासारखा कार्यकर्ताही ती विचारू शकतो.

साध्या सीबीसीतही इशारा असतो

निदानाची सुरुवात मोठ्या शहरात होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात पहिला इशारा तालुक्याच्या लॅबमधल्या सीबीसीच्या कागदावर असू शकतो. त्यात एकूण पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइटची टक्केवारी दिलेली असते. समजा, पांढऱ्या पेशी ६,००० आहेत आणि लिम्फोसाइट १५ टक्के. म्हणजे प्रत्यक्ष लिम्फोसाइट झाले ९००. मोठ्या माणसात हा आकडा थोडासाच कमी वाटेल. पण तान्ह्या बाळात तो साधारण ३,००० च्या खाली असला तर डॉक्टरांनी सावध व्हायला हवे. त्या ताईच्या फाइलमध्ये असे तीन कागद होते. तिन्हींवर आकडा कमी होता, पण हिशोब कोणी केला नव्हता.

त्यापुढची पायरी म्हणजे रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची पातळी पाहणे आणि फ्लो सायटोमेट्री या यंत्रावर टी, बी आणि एनके पेशी वेगवेगळ्या मोजणे. जंतू गिळणाऱ्या पेशींचा दोष वाटत असेल तर एनबीटी किंवा डीएचआर ही तपासणी करतात. या तपासण्यांतून बिघाड कोणत्या भागात आहे ते कळते. नेमक्या कोणत्या जनुकात आहे, ते जनुकीय तपासणी सांगते. डॉक्टरांना एका जनुकाचा दाट संशय असेल तर तेवढेच वाचतात. नसेल तर अनेक जनुकांचे पॅनेल किंवा एक्झोम सिक्वेन्सिंग करतात. एक्झोममध्ये प्रथिने बनवणारा जनुकांचा सगळा भाग वाचला जातो.

अहवालात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. म्हणजे बदल सापडला आहे, पण आजार त्यामुळेच झाला हे सिद्ध झालेले नाही. अशा अहवालावर गर्भाबाबत किंवा लग्नाबाबत निर्णय घेऊ नये. आई-वडिलांचे रक्त तपासून आणि पेशींच्या तपासण्यांशी ताडून तज्ज्ञच त्याचा अर्थ लावतात.

नाव कळल्याने काय बदलते?

“नाव कळून काय फायदा, पैसे कुठून आणायचे?” हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण वरून सारख्या दिसणाऱ्या आजारांचे उपचार फार वेगळे असतात.

बीटीके जनुकाच्या दोषात शरीर प्रतिपिंडे बनवत नाही. तिथे दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. हा उपचार महाग आहे आणि आयुष्यभर चालतो, पण त्याच्या आधारावर मूल शाळेत जाते, मोठे होते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आजारात रोज कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीविरोधी औषध देऊन अनेक गंभीर संसर्ग टाळता येतात. कोट्रायमोक्साझोल ही स्वस्त गोळी आहे. स्किड या सर्वांत गंभीर प्रकारात मूळ उपचार म्हणजे अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपण. तिथे वेळेला फार महत्त्व आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली ९४ टक्के बाळे पाच वर्षांनंतर जिवंत होती. संसर्ग अंगात असताना प्रत्यारोपण करावे लागले, तर यशाची शक्यता बरीच घटते. म्हणूनच अमेरिकेत २०१८ पर्यंत सर्व राज्यांत नवजात बाळांची स्किडसाठी तपासणी सुरू झाली. आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नाही.

नाव कळले की काही चुकाही टळतात. बीसीजी, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस आणि रोटाव्हायरस या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. स्किडच्या बाळाला त्यांपासून धोका असतो. अशा बाळाला रक्त द्यायचे असेल तर ते विकिरण प्रक्रिया केलेले लागते. मात्र याचा अर्थ लसी वाईट आहेत असा मुळीच नाही. बाकी सर्व मुलांना त्या वेळेवर दिल्याच पाहिजेत. ज्या घरात आधीचे बाळ अशा आजाराने गेले आहे किंवा तसा संशय आहे, तिथे पुढच्या बाळाला जन्मतः बीसीजी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगायचे, एवढाच मुद्दा आहे.

दोष आईकडून येतो का?

हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. काही प्रकारांत सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच असतो. त्यामुळे अशा वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि मुलगी तिच्यासारखीच वाहक असण्याची शक्यताही तेवढीच. मामा तान्हेपणी गेला, मग भाचा गेला, ही साखळी अशी तयार होते. काही वेळा मात्र आई वाहक नसतेच, बदल बाळातच नव्याने झालेला असतो.

दुसऱ्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच आजार होतो. अशा प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून आहे. जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणजे हा प्रश्न फक्त सुनेचा कधीच नसतो.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात काही ना काही सदोष जनुके असतात. ती कोणी निवडून घेत नाही. त्यात पाप नाही, पूर्वजन्म नाही, पायगुण नाही. कारण आहे आणि कार्य आहे. कारण शोधले तर पुढचे दुःख टाळता येते. धम्माने आपल्याला विचार करण्याची हीच सवय लावली आहे.

पण आम्हाला एक भीतीही वाटते. ‘आई वाहक आहे’ हा अहवाल सासरच्यांच्या हातात हत्यार होऊ शकतो. म्हणून अहवाल समजावून सांगताना नवरा-बायको दोघांनाही समोर बसवावे. तो वस्तीत चर्चेचा विषय होऊ देऊ नये. घरातील लहान मुली वाहक आहेत का, हे शोधण्याची घाई करू नये. मोठी झाल्यावर तो निर्णय त्या मुलीनेच घ्यावा.

पुढच्या गरोदरपणाआधी

आजारी बाळात नेमका बदल सापडला असेल, तरच पुढच्या गर्भात तो खात्रीने शोधता येतो. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन ही तपासणी करतात. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. अहवालानंतर काय करायचे, हा निर्णय त्या स्त्रीचा. आपले काम तिला पूर्ण माहिती आणि आधार देणे.

म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, बाळ गंभीर असेल तर त्याच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी राखून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करा. दुःखाच्या त्या क्षणी हे बोलणे फार कठीण जाते. पण बाळ गेल्यावर नमुना मिळत नाही, मग फक्त आई-वडिलांच्या रक्तावरून अंदाज बांधावा लागतो.

कुठे जायचे, पैसे कसे उभे करायचे?

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच आहे. तिथे या आजारांच्या निदानाचे काम चालते. परळलाच बाई जेरबाई वाडिया हे मुलांचे रुग्णालय आहे. केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ नुसार नेमलेले उत्कृष्टता केंद्र आहे. या धोरणाखाली अशा केंद्रात उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. स्किड, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज अशा आजारांतील प्रत्यारोपण त्या यादीत आहे आणि इम्युनोग्लोब्युलिन उपचाराचाही उल्लेख आहे. मदत आपोआप मिळत नाही. केंद्रात नोंदणी करावी लागते आणि निदानाचा पक्का पुरावा लागतो. म्हणजे जनुकीय अहवाल हा हक्क मागण्याचा कागदही आहे.

आपण काय करू शकतो?

विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या तरुणांनी एवढे तरी करावे. ज्या घरात एकाहून अधिक बाळे गेली आहेत, तिथे सांत्वनासोबत तीन पिढ्यांची माहिती विचारून लिहून ठेवावी : कोण गेले, किती महिन्यांचे असताना, कशाने, लग्न नात्यात झाले होते का. जुने सीबीसी आणि डिस्चार्ज कार्ड फेकू देऊ नये. मुंबईच्या पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जावे, कारण अनेक कुटुंबे केस पेपरच्या रांगेतूनच परत फिरतात.

त्या ताईचा दुसरा मुलगाही वाचला नाही. प्रत्यारोपणापर्यंत पोहोचायला उशीर झाला होता. पण त्याचा नमुना वेळेवर घेतला गेला होता. एक्स गुणसूत्रावरच्या आयएलटूआरजी या जनुकात बदल सापडला. अहवाल समजावून सांगितला तेव्हा सासू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे हिच्या आईनंही हेच सोसलं.” तिसऱ्या वेळी गर्भाची तपासणी वेळेत झाली. बाळात तो दोष नव्हता. जन्मानंतर पुन्हा खात्री करून बीसीजी दिली गेली. आज ते मूल अंगणवाडीत जाते.

पहिली दोन बाळे परत येणार नाहीत. पण त्या घरात आता “हिची बाळं जगत नाहीत” असे कोणी म्हणत नाही.