दूरच्या दप्तरखान्याची वाट

संगणकापुढे बसलेला कारकून पडद्यावर एका फाइलीचे नाव निवडतो आणि ती फाइल त्याच्यापुढे उघडते. ती त्याच्याच यंत्राच्या तबकडीवर आहे, की चार इमारती पलीकडच्या दुसऱ्या यंत्रात आहे, याची त्याला वार्ताही नसते. ही वार्ता न लागू देणे हीच ज्या व्यवस्थेची करामत, तिचे नाव नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एन. एफ. एस. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ च्या सुमारास सिद्ध केली. तबकडी त्या काळी महाग होती. प्रत्येक मेजावर एकेक देण्यापेक्षा एका मोठ्या यंत्रात सर्वांचे दप्तर ठेवावे आणि बाकीच्यांनी तारेवरून ते मागवावे, हा हिशेब सरळ होता. पुढे ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने विकत घेतली. व्यवस्था मात्र जगभर चालूच राहिली.

या व्यवहारात दोन पक्ष असतात. दप्तर सांभाळणारा तो सर्व्हर आणि मागणारा तो ग्राहक. ग्राहकाची बाजू कोठे राहते, हे समजले की पुढचे सारे उलगडते. कोणताही प्रोग्रॅम तबकडीला स्वतः हात लावीत नाही. तो कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, अर्ज करतो. कर्नल हा त्या कचेरीचा कारभारी होय. अर्ज कोणत्या दप्तराचा आहे हे पाहून तो त्या त्या दप्तराची भाषा जाणणाऱ्या माणसाकडे काम सोपवितो. दूरच्या दप्तराची भाषा जाणणारा माणूसच पदरी नसेल, तर कितीही आज्ञा दिल्या तरी ‘ही फाइल सिस्टिम परिचयाची नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून एन. एफ. एस. चे ग्राहक-साहाय्य कर्नलच्या बांधणीतच ठरवावे लागते.

लिनक्स हे याचे उत्तम उदाहरण. हेल्सिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आरंभिलेल्या या कर्नलचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे आणि ज्याला हवा त्याने तो आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यावा, अशी सोय आहे. बांधणीपूर्वी एक लांबलचक प्रश्नपत्रिका पुढे येते. तीत फाइल सिस्टिमांच्या प्रकरणात नेटवर्क फाइल सिस्टिमांचे पोटप्रकरण आहे आणि तेथे एन. एफ. एस. ग्राहकाचा प्रश्न आहे. उत्तरे तीन : नको; कर्नलमध्येच कायमचा बांधावा; किंवा मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा बोलावून घ्यावा.

मॉड्यूलचा मार्ग शहाणपणाचा वाटतो आणि बहुधा तो तसा असतोही. काम नसताना माणूस पोसावा लागत नाही. तथापि एका ठिकाणी हे शहाणपण अंगाशी येते. ज्या यंत्राला स्वतःची तबकडीच नाही, ज्याची मूळ फाइल सिस्टिमसुद्धा दूरच्या सर्व्हरवर आहे, अशा यंत्राचा विचार करावा. सुरू होताच कर्नलला ती मूळ फाइल सिस्टिम जोडून घ्यायची असते. ती जोडण्यासाठी एन. एफ. एस. चे मॉड्यूल हवे आणि ते मॉड्यूल तर त्याच फाइल सिस्टिमवर ठेवलेले! पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावावे, तसा हा प्रकार. कर्नल ‘मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही’ असा शेवटचा संदेश लिहितो आणि तेथेच थांबतो. वर्गातली किंवा प्रयोगशाळेतली अशी वीस यंत्रे एकाच बांधणीवर चालत असली, तर वीसही एकदम बंद.

यास्तव अशा यंत्राच्या कर्नलमध्ये ग्राहक-साहाय्य कायमचे बांधलेले असावे लागते. त्याखेरीज आणखी तीन गोष्टी हव्यात : मूळ फाइल सिस्टिम एन. एफ. एस. वर ठेवण्याची मुभा देणारा पर्याय, आरंभीच आपला पत्ता मिळवून घेण्याची सोय आणि जाळ्याला जोडणाऱ्या कार्डाचा चालक. पहिल्या पर्यायाचा प्रश्न तर ग्राहक कायमचा बांधल्यावाचून आणि पत्त्याची सोय निवडल्यावाचून विचारलाच जात नाही. म्हणून पुष्कळांना तो ‘सापडत नाही’. कार्डाच्या चालकाची आठवण मात्र कोणी करून देत नाही. नवशिक्यांची बहुतेक फजिती या चालकाने होते. तो मॉड्यूल ठेवला की पुन्हा तीच पेटी आणि तीच किल्ली. तयार मिळणाऱ्या लिनक्समध्ये ही अडचण दुसऱ्या वाटेने सोडविलेली असते. कर्नलबरोबर मेमरीत एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम येते आणि लागणारी मॉड्यूले तीत आधीच भरलेली असतात. प्रवासाला निघताना बरोबर घेतलेली शिदोरीच ती.

यानंतर प्रश्न येतो आवृत्तीचा. दुसरी आवृत्ती जुनी. तीत फाइलीची मर्यादा दोन गिगाबाइटांच्या आसपास होती आणि एका खेपेस आठ किलोबाइटांहून अधिक मजकूर नेता येत नसे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा उठविल्या. या दोहोंत सर्व्हर कोणाचे काय काम चालले आहे हे लक्षात ठेवीत नसे. हा विसरभोळेपणा मुद्दाम पत्करलेला होता. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला, तरी ग्राहकाने तोच अर्ज पुन्हा पाठवावा की काम पुढे चालू. फाइलीला कुलूप लावण्याचे काम मात्र अशा विसरभोळ्याकडून कसे व्हावे? त्यासाठी वेगळा नोकर ठेवावा लागला आणि कटकटी वाढल्या. चौथ्या आवृत्तीने हे काम आपल्याच अंगावर घेतले, आणि केरबेरॉस पद्धतीने ओळख पटविण्याची सोय प्रत्येक बांधणीत असावी असा नियमही केला. जुन्या आवृत्त्यांत साधारणतः ग्राहकाने ‘मी अमुक क्रमांकाचा’ म्हटले की सर्व्हर ते खरे मानी. परक्यांच्या जाळ्यावर हा भोळेपणा परवडणारा नव्हे. तेव्हा सर्व्हर नवा असेल तर चौथी आवृत्ती निवडावी आणि दुसरी केवळ जुनाट सर्व्हरसाठीच राखावी.

वाहतुकीच्या मार्गाविषयीही एक सूचना आहे. आरंभी एन. एफ. एस. चे टपाल यू. डी. पी. ने जाई. मोठे टपाल तुकडे करून पाठविले जाते आणि एका टपालाचे सर्व तुकडे एकाच क्रमांकाने ओळखले जातात. असे क्रमांक ६५,५३६ च आहेत. जाळे वेगवान झाले, तसे ते काही सेकंदांत संपून पुन्हा पहिल्यापासून वापरले जाऊ लागले. मग एका टपालाचा हरवलेला तुकडा आणि दुसऱ्याचा आलेला तुकडा यांची गाठ पडते, क्वचित तपासणीतूनही ती सुटते, आणि फाइलीत भलताच मजकूर शिरतो, तोही कसलाही इशारा न देता. याच कारणाने २०२० मध्ये आलेल्या ५.६ या लिनक्स कर्नलपासून ग्राहकाचे यू. डी. पी. साहाय्य मुळातच बंद ठेवलेले असते. टी. सी. पी. वापरणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही. जुन्या सर्व्हरला केवळ यू. डी. पी. च कळत असेल, तर तो पर्याय जाणूनबुजून बदलावा लागतो.

बांधणी झाली की चालू यंत्रात ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील ‘फाइलसिस्टिम्स’ ही फाइल वाचावी. तीत एन. एफ. एस. चे नाव असेल तर ग्राहक हजर आहे. मॉड्यूल असल्यास ते बोलावल्यावर नाव दिसू लागते. मग दूरची निर्देशिका जोडताना एक निवड उरते. ‘सॉफ्ट’ जोडणीत सर्व्हरने ठरावीक वेळात उत्तर दिले नाही, तर कर्नल प्रोग्रॅमला चूक कळवितो. ती चूक न पाहणारे प्रोग्रॅम पुष्कळ असतात आणि अर्धवट लिहिलेली फाइल पुरी झाली असे समजून ते पुढे जातात. ‘हार्ड’ जोडणी, जी न सांगताही मिळते, ती सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहते. बसलेला माणूस वैतागतो खरा, पण नोंदवहीत ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशी ओळ उमटते आणि सर्व्हर उठला की तिच्याखाली ‘सर्व्हर ठीक’ अशी दुसरी ओळ येते. मजकूर जेथे थांबला होता, तेथूनच पुढे लिहिला जातो.