नार्को, लाय डिटेक्टर : समज आणि वास्तव

एखादा गुन्हा गाजला की ‘नार्को करा, सगळं बाहेर येईल’ अशी मागणी हमखास होते. विज्ञान आणि कायदा मात्र या चाचण्यांबाबत सावध आहेत.

■ लाय डिटेक्टर (पॉलिग्राफ) : रक्तदाब, नाडी, श्वास आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजतो. त्यात नोंद होते ती शरीरावरच्या ताणाची, खोटेपणाची नव्हे. घाबरलेला निरपराध अडकू शकतो, निर्ढावलेला गुन्हेगार सुटू शकतो.

■ नार्को : सोडियम पेंटोथालसारख्या औषधाने माणूस गुंगीत बोलका होतो. पण त्या अवस्थेत तो कल्पित गोष्टीही सांगतो आणि सूचक प्रश्नांमागे वाहवत जातो.

■ मेंदूची चाचणी (बीईओएस) : गुन्ह्याचे तपशील ऐकवून मेंदूतील विद्युतलहरी नोंदवतात. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने तिचा आधार घेतला, तेव्हा देशाबाहेरच्या तज्ज्ञांनीही तिच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेतले.

■ कायदा काय सांगतो? ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी निकाल दिला : अशा चाचण्यांची सक्ती म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा भंग. संमतीने चाचणी झाली, तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून पुढे वस्तू सापडली, तर ती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते.

■ हे लक्षात ठेवा : चाचणीला नकार देणं हा नागरिकाचा हक्क आहे. त्याला गुन्ह्याची कबुली समजू नये.