तापलेल्या रेडिएटरचे झाकण

उन्हाळ्यात घाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून उभी असलेली मोटार पुष्कळांनी पाहिली असेल. इंजिन तापले की झाकण काढून पाणी ओतावे, असे कोणालाही वाटते. हातातोंडाला भाजण्याचे अपघात नेमके याच वेळी होतात. त्यांचे कारण पाहू.

इंजिनातली उष्णता पाणी शोषून घेते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहताना ती हवेला देते. उघडे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू लागते. ते टाळण्यासाठी झाकणात स्प्रिंगची झडप असते. ती आतला दाब वातावरणाच्या सुमारे दुपटीपर्यंत वाढू देते. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. दुप्पट दाबाखाली तो सुमारे १२० अंश असतो. प्रेशर कुकरचे तत्त्वही हेच.

समजा, आत ५ किलोग्रॅम पाणी १२० अंशांवर आहे आणि कोणी झाकण उघडले. दाब एकदम उतरतो व उत्कलनबिंदू पुन्हा १०० अंशांवर येतो. पाण्यात ५ × २० = १०० किलोकॅलरी उष्णता जादा उरते. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५४० किलोकॅलरी लागतात; म्हणजे सुमारे १८५ ग्रॅम पाण्याची लगेच वाफ होते. १ ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. तेव्हा ही वाफ झाली ३०० लिटरांहून अधिक! शिवाय ती पाण्याच्या पोटात सर्वत्र तयार होते आणि उकळते पाणी कारंज्यासारखे वर उडवते.

मग करावे काय? इंजिन बंद करावे. झाकण व वरची रबरी नळी थंड होईपर्यंत, निदान अर्धा तास तरी, थांबावे. इंजिन बंद असतानाही विजेचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. मग जाड फडके धरून, तोंड बाजूला ठेवून, झाकण थोडेच फिरवावे. उरलेला दाब जाऊ द्यावा आणि नंतरच ते काढावे.

तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. धातूचा एक भाग एकदम आकसतो, शेजारचा तसाच राहतो. या ताणाने इंजिनाला तडा जाऊ शकतो.

पाण्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. ते चवीला गोड, पण विषारी असते. सांडलेले द्रव लगेच पुसावे. मुले व जनावरे त्याजवळ जाऊ देऊ नयेत.

कोणी भाजलेच, तर तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

आता एक गणित. पाणी १२० ऐवजी ११० अंशांवर असते, तर किती वाफ झाली असती? उत्तर काढलेत, की थांबून राहण्याचे मोल कळेल.