आभासी यंत्र उठत नाही तेव्हा

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविणारी 'व्हर्च्युअलबॉक्स' ही आज्ञावली जर्मनीतील इनोटेक कंपनीने २००७ साली खुली केली. २०१० पासून ती ओरॅकलकडे आहे. कित्येक कचेऱ्यांचे जुने हिशेब अशा आभासी यंत्रांतच नांदत असतात. आणि एके सकाळी लिनक्स संगणक पुन्हा सुरू करावा, तो हे यंत्र उठतच नाही!

याचे कारण बहुधा साधे असते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वेळोवेळी नवा येतो. पण अमलात येतो तो संगणक पुन्हा सुरू केल्यावरच. व्हर्च्युअलबॉक्सचा 'व्हीबॉक्सडीआरव्ही' हा दुवा मात्र जुन्या कर्नलच्या मापाने बेतलेला असतो. कुलूप बदलले, किल्ली जुनीच राहिली.

अशा वेळी 'यूनेम -आर' ही आज्ञा देऊन चालू कर्नलची आवृत्ती पाहावी, तिच्याच हेडर फायली बसवाव्यात आणि प्रशासकाच्या अधिकाराने 'व्हीबॉक्सकॉन्फिग' चालवावे. नवी किल्ली घडते. 'सिक्युअर बूट' चालू असल्यास त्या दुव्यावर संगणकाला मान्य असलेली सहीही लागते. 'डीकेएमएस' व्यवस्था आणि हेडर फायली असल्यास हे काम पुढे आपोआप होते. फारच निकड असेल, तर आरंभीच्या यादीतून जुना कर्नल निवडावा.

मात्र घाबरून आभासी यंत्र पुसू नये. त्याची तबकडी ही स्वतंत्र फाईल असते आणि ती शाबूत असते. बिघाड दाराशी आहे. घरातील चीजवस्तू सुरक्षित आहे.