मेंदूतील रक्तस्राव व मस्तिष्क-मेरुद्रवातील विकर निदर्शके

प्रस्तावना : मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती मस्तिष्क-मेरुद्रव असतो. प्रौढ व्यक्तीत त्याचे प्रमाण सुमारे 150 मिलिलिटर असून दररोज सुमारे 500 मिलिलिटर द्रव नव्याने तयार होतो. मेंदूतील पेशींना इजा झाली की त्यांतील विकर, म्हणजेच एंझाइमे, या द्रवात उतरतात. म्हणून रक्तस्रावानंतर झालेल्या हानीची निदर्शके या दृष्टीने त्यांचा अभ्यास केला जातो.

प्रमुख विकर : न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज, क्रिएटिन कायनेजचा मेंदूत आढळणारा बीबी प्रकार, लॅक्टेट डिहायड्रोजनेज व अॅडेनिलेट कायनेज हे यांतील प्रमुख विकर होत.

अन्वयार्थातील अडचण : यांपैकी इनोलेज, लॅक्टेट डिहायड्रोजनेज व अॅडेनिलेट कायनेज हे तांबड्या रक्तपेशींतही असतात. त्या पेशी फुटल्यास द्रवातील विकरांची पातळी वाढते. परंतु ही वाढ मेंदूच्या इजेमुळे की सांडलेल्या रक्तामुळे, हे सांगणे कठीण होते. क्रिएटिन कायनेज तांबड्या पेशींत जवळजवळ नसते, म्हणून त्याचा बीबी प्रकार या बाबतीत अधिक विश्वसनीय ठरतो. मात्र अॅडेनिलेट कायनेज त्याच्या मापनात व्यत्यय आणत असल्याने चाचणीत त्यास रोधक द्रव्य मिसळावे लागते.

रक्तस्रावाचा पुरावा : रोहिणीविस्फार फुटून जालतानिकेखाली रक्तस्राव झाल्यास सीटी स्कॅन ही पहिली तपासणी होय. पहिल्या काही तासांनंतर तिची अचूकता घटत जाते. स्कॅन निर्दोष असूनही संशय उरल्यास कमरेतून सुईने द्रव काढतात. सुईच्या जखमेचे रक्तही त्यात मिसळू शकते. येथे हीम ऑक्सिजनेज हा विकर उपयोगी पडतो. तो हीमचे बिलिव्हर्डिनमध्ये रूपांतर करतो व दुसरा विकर त्यापासून पिवळे बिलिरुबिन बनवतो. ही क्रिया जिवंत शरीरातच घडते व तीस सुमारे 12 तास लागतात. त्यामुळे बिलिरुबिन आढळणे हे आधीच्या रक्तस्रावाचे लक्षण मानले जाते. प्रकाशात ते नष्ट होत असल्याने नमुना झाकून ठेवणे व तो विनाविलंब सेंट्रिफ्यूज करणे आवश्यक असते. येथील चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, कारण निदान हुकलेला विस्फार पुन्हा फुटण्याचा धोका असतो.

निष्कर्ष : कवटीतील दाब वाढलेला असल्यास कमरेतून द्रव काढणे घातक ठरू शकते. त्यामुळे विकरांची पातळी ही रुग्णाची अवस्था व स्कॅन यांच्या जोडीनेच विचारात घ्यावी. केवळ तिच्या आधारे रुग्णाचे भवितव्य ठरवणे योग्य होणार नाही.