चौसष्ट की पासष्ट?

अमेरिकेत जुन्या नाण्याची किंमत बऱ्याचदा त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या पट्टीवर छापलेल्या दोन आकड्यांवरून ठरते. ६४ च्या जागी ६५ आले की काही नाण्यांना दुपटीहून जास्त भाव मिळतो. तरीही तेच नाणं डबी फोडून पुन्हा तपासणीला पाठवलं, तर आकडा बदलून येऊ शकतो. असं का होतं, ते चांदीच्या जुन्या मॉर्गन डॉलरवरून पाहू. हे डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले.

मोजपट्टी १ ते ७० ची. ती डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. आकडा जितका, तितक्या पटीत किंमत, असा तिचा हिशेब होता. बाजारभावाने तो हिशेब मोडला, पण आकडे टिकले आणि पुढे सगळ्याच अमेरिकी नाण्यांना लागू झाले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाणं पारखून, आकडा देऊन, डबीत सीलबंद करून द्यायला सुरुवात केली. चलनात न फिरलेल्या नाण्यांना ६० ते ७० यांतला आकडा मिळतो.

पारखी नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवतो. मॉर्गन डॉलरची झीज आधी त्यावरच्या लिबर्टी या स्त्रीप्रतिमेच्या कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर दिसते. पण न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीतल्या कित्येक डॉलरांवर ठसाच कच्चा उठलेला आहे. त्यांवरचे केस पहिल्या दिवसापासून सपाट असतात. मग हे नाणं वापरलेलं की कोरं? झीज झाली असेल तर तिथली झळाळी तुटते. ठसा कच्चा असेल तर कोऱ्या चकतीवरचे मूळचे बारीक खड्डे तसेच राहिलेले दिसतात. हा फरक डोळ्याने ओळखायचा असतो आणि नाणं ५८ चं की ६२ चं, हे त्यावर ठरतं.

पुढचा प्रश्न ओरखड्यांचा. हे डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून ठेवले जात. एकमेकांवर आपटून कोऱ्या नाण्यांनाही खोचे पडत. गालावरचा खोचा चटकन डोळ्यांत भरतो, केसांतला लपतो, म्हणून गालावरचा महाग पडतो. किती महाग, याचं माप कुठेच नाही. शिवाय एकूण देखणेपणही आकड्यात धरलं जातं. चांदीवर चढलेली निळी-जांभळी छटा एका पारख्याला सुंदर वाटते, दुसऱ्याला डाग वाटते. कंपनीत एकाहून अधिक पारखी नाणं पाहतात आणि अंतिम आकडा एक जण ठरवतो, पण नेहमीच्या नाण्याच्या वाट्याला काही सेकंदच येतात.

इथपर्यंतची चूक दोन्ही बाजूंना समान होईल असं वाटतं: काही नाणी एक पायरी वर, काही खाली. खरी गोम मात्र पुढे आहे. समजा, एक डॉलर ६४ आणि ६५ च्या सीमेवर आहे आणि दहापैकी आठ वेळा त्याला ६४ मिळतील. मालक व्यापारी असेल तर तो डबी फोडतो, फी भरून पुन्हा पाठवतो, आणि ६५ आले की थांबतो. त्यानंतर ती डबी कुणी फोडत नाही. म्हणजे खाली झालेली चूक दुरुस्त होत राहते आणि वर झालेली चूक कायम राहते. हळूहळू ६५ च्या डब्यांत अशी काठावरची नाणी साचत जातात. पारखी पूर्ण प्रामाणिक असले तरी हे घडतं, आणि मला हाच या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष वाटतो. जुन्या डबीतली पट्टी कंपनीला परत पाठवली नाही, तर त्या एकाच डॉलरची नोंद दोनदा-तीनदा होते. मग कोणत्या दर्जाची किती नाणी आहेत, हा कंपन्यांचा तक्ताही फुगतो.

यावरचा एक उपाय २००७ मध्ये आला. सीएसी ही संस्था डबीतलं नाणं पुन्हा पाहते. दिलेल्या आकड्याला ते भक्कमपणे पात्र असेल तर हिरवा स्टिकर लावते, त्याहून सरस असेल तर सोनेरी. एका मतावर दुसरं मत घ्यावं लागतं आणि बाजार त्या स्टिकरचेही जादा पैसे मोजतो. म्हणून घेणाऱ्याने त्याच दर्जाची चार-पाच नाणी शेजारी ठेवून, एकाच दिव्याखाली गाल, केस आणि झळाळी पाहावी, मग पट्टी वाचावी.

आपल्याकडचे मुंबई टाकसाळीचे रुपयेही आता अशा डब्यांत येतात. त्यांची अडचण वेगळी आहे: सराफांनी मारलेले टाचे, माळेत ओवण्यासाठी जोडलेली कडी, आणि सणासुदीला राख किंवा रांगोळीने घासून काढलेली चमक. घासलेल्या रुपयावर भिंगाखाली समांतर बारीक रेघा दिसतात आणि त्या परत जात नाहीत. अशा नाण्याला सहसा आकडा मिळतच नाही. पट्टीवर ‘डिटेल्स’ असा शेरा आणि त्याचं कारण छापून येतं. म्हणून आजीच्या पेटीत राणी छाप रुपया सापडला, तर तो काळा असला तरी घासू नये, तसाच कागदात गुंडाळून जाणकाराकडे न्यावा.