गोयाची ‘काप्रिचोस’ : चित्रातील उपरोध आणि चित्राखालचा शब्द

६ फेब्रुवारी १७९९ रोजी ‘दियारिओ दे माद्रिद’ या वृत्तपत्रात एक जाहिरात प्रसिद्ध झाली. फ्रान्सिस्को दे गोया (१७४६-१८२८) या चित्रकाराने कल्पिलेल्या व तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या ८० चित्रांचा संच विक्रीस ठेवला असून त्याची किंमत ३२० रेआल आहे, असे तीत म्हटले होते. विक्रीचे स्थळ पुस्तकांचे दुकान नव्हते. अत्तरे आणि मद्ये विकणारे एक दुकान होते, आणि ते ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव ‘देसेंगान्यो’, म्हणजे भ्रमनिरास. एखाद्या प्रहसनकाराने असा योगायोग योजला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता. साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे अशी गोष्ट मात्र जाहिरातीच्या मजकुरात आहे. मानवी चुका व दुर्गुण यांवर टीका करणे हे वक्तृत्वाचे व काव्याचे क्षेत्र मानले जात असले, तरी तो विषय चित्रकलेलाही हाताळता येईल, असा दावा तीत केला आहे. आणि कोणा विशिष्ट व्यक्तीची टवाळी करण्याचा हेतू नाही, अशी ग्वाही त्याला जोडली आहे. पहिल्या विधानाने साहित्याच्या प्रांतात शिरण्याचा हक्क मागितला; दुसऱ्याने त्या हक्काबद्दल उपरोधकाराला जी किंमत नेहमीच मोजावी लागते ती आगाऊ चुकती केली.

‘काप्रिचो’ म्हणजे लहर, स्वैर कल्पना. नाव असे निरुपद्रवी. विषय मात्र लग्नाचा बाजार, भोंदू वैद्य, खादाड भिक्षू, गाढव सरदार, चेटकिणी आणि धर्मन्यायालयाने धिंड काढलेल्या स्त्रिया. गोया त्या वेळी राजाच्या पदरी होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तो प्रथम दरबारी चित्रकारही झाला. १७९२-९३ मधील आजाराने त्याला कायमचे बहिरेपण आले होते. त्याचे स्नेही प्रबोधनवादी वर्तुळातले होते : कवी व राजकारणी होवेयानोस, नाटककार मोरातीन. होवेयानोस १७९७-९८ मध्ये न्यायमंत्री झाला आणि १८०१ मध्ये कैदेत पडला. ज्या समाजात सुधारकाची चढण आणि घसरण यांत इतके थोडे अंतर असते, तेथे उपरोधाला बुरखा घ्यावाच लागतो. इन्क्विझिशन म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. गोव्यात ते १५६० पासून, मधला थोडा खंड सोडता, १८१२ पर्यंत नांदले आणि अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये त्याचा इतिहास ग्रंथबद्ध केला. स्पेनमधील मूळ संस्था त्याहूनही दीर्घायुषी ठरली; ती १८३४ मध्ये कायमची बंद झाली.

तंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण येथे तंत्र हाच आशयाचा एक भाग आहे. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात व पत्रा आम्लात बुडवतात. थर जेथे खरवडला गेला तेथेच आम्ल धातू खाते, आणि त्या खाचांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. गोयाने याला ॲक्वाटिंटची जोड दिली. राळेची बारीक पूड पत्र्यावर तापवून चिकटवली की आम्ल कणाकणांच्या मधून शिरते आणि रेषेऐवजी सपाट, दाणेदार छटा उमटते. ‘काप्रिचोस’मधला काळोख असा निर्माण झालेला आहे. त्याला खोली नाही, त्यात खोली वा रस्ता ओळखू येत नाही. माणसे जणू कोठेच उभी नाहीत. (भिलाई-दुर्गपासून फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात मुद्राचित्रण शिकवले जाते, तेथील विद्यार्थ्याला ही प्रक्रिया पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही.) शिवाय ठसा एकाचे अनेक होतो. भित्तिचित्र चर्चचे, व्यक्तिचित्र सरदाराचे. ठसा विकत घेईल त्याचा.

या मालेतील त्रेचाळिसाव्या चित्राच्या १७९७ च्या पूर्वरेखाटनावर गोयाने ‘विश्वभाषा’ असे शब्द लिहिले होते. चित्र ही सर्वांना कळणारी भाषा, हा त्या शतकाचा आवडता विचार होता. परंतु छापलेल्या संचात प्रत्येक चित्राखाली स्पॅनिशमध्ये एक ओळ आहे, आणि ती ओळ विश्वभाषेच्या अगदी उलट आहे : बोलीतली, तुटक, कित्येकदा अर्धीच. मालेचा खरा उपरोध रेषा आणि ही ओळ यांच्या मधल्या फटीत आहे. मराठीत वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांनी व्यंगचित्रकारासाठी ‘रेषालेखक’ हा शब्द योजला. गोयाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो.

बेचाळिसावे चित्र पाहावे. दोन शेतकरी वाकून चालले आहेत आणि त्यांच्या पाठीवर दोन धष्टपुष्ट गाढवे बसली आहेत. खाली शब्द आहेत ते ‘ज्या तुला झेपत नाही’ एवढेच. स्पॅनिश माणूस पुढचे मनात पुरे करतो : ‘तो तू मला पाठीवर घे.’ ही प्रचलित म्हण आहे. मराठीत कोणी ‘आधीच उल्हास’ म्हणून थांबला की फाल्गुन मास ऐकणाराच आणतो. तीच ही रीत. फरक असा की येथे म्हणीचा न छापलेला भाग चित्रात आहे, आणि तोच आक्षेपार्ह आहे. करांचा व खंडाचा भार कोण वाहतो आणि कोण त्यावर बसतो, हे गोयाने कोठेही लिहिलेले नाही; ते वाचकाने स्वतःच्या तोंडाने म्हटले आहे. तेविसाव्या चित्रातही अशीच अर्धी म्हण आहे. धर्मन्यायालयापुढे शंकूच्या आकाराची टोपी घालून मान खाली घातलेली स्त्री आणि खाली ‘त्या धुळीतून…’. हा चिखल झाला, हे उरलेले अर्धे. पण धूळ कोणाची? त्या स्त्रीच्या वर्तनाची, की निवाडा वाचणाऱ्यांची? पुढच्या चित्रात तशीच एक स्त्री गाढवावर बसवून गर्दीतून नेली जात आहे आणि ओळ म्हणते : ‘इलाजच नव्हता.’

ही ओळ कोण उच्चारतो, हा प्रश्न ‘काप्रिचोस’ वाचताना पुन्हा पुन्हा उभा राहतो. हा गोयाचा आवाज नव्हे. ‘इलाजच नव्हता’ असे धिंड पाहणारा शेजारी म्हणेल, शिपाई म्हणेल, कदाचित ती स्त्रीही म्हणेल. चौदाव्या चित्रात कुबड आलेल्या, कुरूप पण धनवान वराला एक तरुण मुलगी दिली जात आहे. ‘केवढा हा त्याग!’ हे उद्गार चित्रातल्याच आप्तांपैकी कोणाच्या तोंडी शोभतील असे आहेत. एकोणचाळिसाव्या चित्रात गाढव आपल्या वंशावळीचे पुस्तक उघडून दाखवते, त्यात ओळीने गाढवेच आहेत, आणि ‘थेट आजोबापर्यंत’ हे शब्द तर त्या गाढवाचाच अभिमान आहेत. न्यायाधीशाची खुर्ची गोयाने रिकामी ठेवली. समाज स्वतःच स्वतःविषयी बोलतो. रेषा फक्त ते बोलणे ऐकत असते.

मराठी वाङ्मयात याच्या जवळचे उदाहरण चित्रात नव्हे, गद्यात सापडते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये आला आणि त्यातून ‘सुदाम्याचे पोहे’ घडले. कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा, वकिली वऱ्हाडातली. आज छत्तीसगढमध्ये असलेला दुर्ग-भिलाईचा परिसर १९५६ पर्यंत ज्या नागपूरच्या कारभाराखाली होता तेच हे नागपूर. आगरकरांनी रूढींवर समोरून घाव घातले. कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांना बोलू दिले, आणि त्यांना रूढींचे कैवारी केले. समर्थनाची युक्तिवादपरंपरा इतक्या गंभीरपणे चालवली जाते की ती आपल्याच वजनाने कोसळते. सुदामा बाहेर उभा राहून हसत नाही, तो त्या मंडळीतलाच एक आहे. गोयाच्या ओळींचा वक्ता असाच आतला आहे. विषयांचेही साम्य आहे. जरठ-कुमारी विवाहावरचे देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये, ‘केवढा हा त्याग!’नंतर नेमक्या शंभर वर्षांनी, रंगभूमीवर आले. दुसऱ्या चित्राखालची ओळ तर गोयाने होवेयानोसच्या उपरोधिक काव्यातूनच घेतली आहे, आणि तिचाही विषय डोळे मिटून होकार देणाऱ्या नवऱ्या मुली हाच आहे. तरीही एक भेद लपत नाही. कोल्हटकरांचे हास्य दिवसाउजेडीचे आहे. बुद्धी जागी आहे आणि मूर्खपणा तिच्यापुढे टिकणार नाही, हा विश्वास त्यामागे आहे. गोयाजवळ तो विश्वास शेवटपर्यंत उरलेला दिसत नाही.

अर्थ मोकळा ठेवण्याचा फायदा किती, हे मालेवरील जुन्या हस्तलिखित टिपणांवरून कळते. प्रादो संग्रहालयातील टिपण सावध आहे, ते प्रत्येक चित्रातून एक सर्वसामान्य नीतिबोध काढते. दुसरी काही टिपणे धीट आहेत. ती दरबाराकडे, धर्मगुरूंकडे बोट दाखवतात. वंशावळ पाहणारे गाढव पंतप्रधान गोदॉयवर रोखलेले आहे, असेही वाचले गेले. सर्वच वाचने चित्राशी जुळतात, आणि कोणतेही सिद्ध करता येत नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’शी (१९०७) तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. तेथे कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन ही किल्ली एकच होती. प्रेक्षकांना ती सापडली तशी सरकारलाही सापडली आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. एकाच किल्लीचे रूपक प्रयोगाच्या क्षणी अधिक प्रभावी असते, यात शंका नाही. पण ते जप्तही लवकर होते.

त्रेचाळिसावे चित्र मात्र या सर्वांहून वेगळे आहे. मेजावर डोके टेकून एक माणूस झोपला आहे, त्याच्यामागून घुबडे आणि वटवाघळे उठत आहेत. एक घुबड त्याच्यापुढे लेखणी धरते. येथे ओळ चित्राखाली नसून मेजाच्या दर्शनी बाजूवरच कोरली आहे, आणि तिच्यातील ‘सुएन्यो’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : झोप आणि स्वप्न. बुद्धी झोपली की राक्षस जन्मतात, हा पहिला अर्थ. तो प्रबोधनाचा आहे आणि आगरकरांनाही मान्य झाला असता. बुद्धी स्वप्न पाहू लागली की तीच राक्षस प्रसवते, हा दुसरा. तो प्रबोधनावरच उलटणारा आहे. संस्कृतात ‘स्वप्न’ शब्दाला दोन्ही अर्थ होते. मराठीने त्यातला निद्रेचा अर्थ गमावला. त्यामुळे मराठी भाषांतरकाराला ‘निद्रा’ की ‘स्वप्न’ अशी निवड करावीच लागते, आणि कोणताही शब्द निवडला तरी अर्धे चित्र हातचे जाते. विश्वभाषेचे शब्द ज्या रेखाटनावर लिहिले होते तेच चित्र असे अनुवादाला अडून बसावे! त्यातला झोपलेला माणूस स्वतः चित्रकार आहे, हे पूर्वरेखाटनावर नोंदलेले आहे. हेच चित्र आरंभी मुखचित्र व्हायचे होते. पुढे बेत बदलला आणि पहिल्या पानावर उंच टोपी घातलेला, तिरक्या नजरेने पाहणारा गोया आला.

विक्री लवकरच थांबली. सुमारे ३०० संच छापले होते. त्यांपैकी २७ विकले गेले. १८०३ मध्ये गोयाने सर्व पत्रे व न विकलेले २४० संच राजाला अर्पण केले आणि मोबदल्यात आपल्या मुलासाठी वार्षिक वेतन मागून घेतले. आपल्याविरुद्ध इन्क्विझिशनकडे तक्रार झाली होती, असे त्याने पुढे १८२५ मधील एका पत्रात लिहिले. ज्यांची थट्टा केली त्यांच्याच प्रमुखाच्या हाती पत्रे सुरक्षित राहिले, हे त्या मालेचेच एखादे एक्याऐंशीवे चित्र शोभले असते. राजाच्या मुद्रणालयात गेलेल्या त्या पत्र्यांवरून १९३७ पर्यंत नवे संच निघत राहिले. ते आज माद्रिदच्या राष्ट्रीय मुद्राचित्रालयात आहेत. ऐंशीव्या, म्हणजे शेवटच्या चित्रात भिक्षूंसारख्या वेषातल्या चार आकृती हात ताणून, तोंडे वासून जांभया देत आहेत, की ओरडत आहेत, हे सांगणे कठीण आहे. खाली दोनच शब्दांचा अर्थ भरेल अशी ओळ आहे : ‘वेळ झाली.’ पहाट होताच पिशाचांनी निघून जायची वेळ, असे सावध टिपणकार सांगतो. ती भिक्षूंच्या उठण्याची वेळही असू शकेल, किंवा त्यांना उठवून लावण्याची. या ओळीचा वक्ताही गोयाने सांगितलेला नाही.